दोरीच्या आतलं नाव

आधीच सांगून टाकते, मी भिवंडीला भांडायला गेले होते. फिरायला नाही. पिशवीत दोन ड्रेस, एक शाल आणि कोरे कागद. पत्रकं लिहायची सवय लागलेल्या माणसाला सोबत कोरा कागद नसला की चपला विसरल्यासारखं वाटतं.

माझा मावसभाऊ मंदार नारपोलीत राहतो आणि पूर्णा गावातल्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. सुट्टीत मात्र तो रायाजी असतो. त्याचं एक मंडळ आहे. ही माणसं वर्षातून चारदा अंगरखे, मुंडाशी घालून जमतात आणि तीनशे वर्षांपूर्वी इथली माणसं जशी राहत, लढत, जेवत असतील तसं तीन दिवस राहतात. प्रत्येकाला त्या काळातलं नाव घ्यावं लागतं आणि वर्षाच्या शेवटच्या दरबारात काहींना किताब मिळतात. फोनवर हे ऐकूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या इचलकरंजीत चौकाचौकात फ्लेक्स असतात: कार्यसम्राट, युवकांचे आधारस्तंभ, आमचे मार्गदर्शक. त्यांच्याविरुद्ध मी तीन पत्रकं काढली आहेत. आणि इकडे शिकलेली माणसं रजा टाकून सरदार होतायत?

"इथे येऊन बोल," मंदार म्हणाला. "मला तुझ्यासारखी भांडखोर पाहिजेच आहे. माझ्याकडे एक किताब आहे, आणि तो माझा नाहीये."

शुक्रवार, नारपोली

नारपोलीत उतरले आणि पहिल्या गल्लीतच घरी आल्यासारखं वाटलं. तोच मागाचा खडखडाट, तेच दारात पडलेले सुताचे पुंजके, तीच ओरडून बोलायची सवय. फरक एवढाच की आमच्याकडे लूमवरचा माणूस शिवी मराठीत देतो आणि इथे हिंदीत. मावशीने तांदळाची भाकरी आणि सुकट दिली. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, त्यामुळे मी ती पांढरी मऊ भाकरी पोळीसारखी फाडायला गेले आणि तिचे तुकडे झाले. मावशी हसली नाही, पण तिने मंदारकडे बघितलं.

जेवताना मंदारने मनगटावरचं पितळी कडं काढून ताटाशेजारी ठेवलं. हेच ते. मानकऱ्याचं कडं.

गोष्ट अशी. त्यांच्यात स्वतःसाठी किताब मागता येत नाही. मागितला की पाच वर्षं मिळत नाही. दुसऱ्या कुणीतरी तुमचं काम पाहून चिठ्ठी लिहायची. चिठ्ठ्या पुरेशा जमल्या तर दरबारात तुमचं नाव पुकारलं जातं आणि तोवर तुम्हाला काही कळत नाही. गेल्या वर्षी ढीगभर चिठ्ठ्या आल्या, सगळ्यांची मागणी एकच: मुदपाकखान्याला मान द्या. मुदपाकखाना म्हणजे छावणीतलं स्वयंपाकघर. ते सहा वर्षं एकच बाई चालवते, बेबीताई. पण बेबीताईचं जुन्या काळातलं नाव वहीत नोंदलेलंच नाही. नियम असा की किताब नोंदलेल्या नावावरच चढतो. मग स्वयंपाकघरात नोंदलेलं नाव कोणाचं? तर मंदारचं. त्या वर्षी त्याचा खांदा लढाईत दुखावला होता म्हणून त्याला एक दिवस कांदे चिरायला बसवलं होतं.

"आणि तू उठून घेतलंस?"

"भालदाराने पुकारलं, रायाजी. सगळे उभे राहिले. मला वाटलं, खांद्यासाठी देतायत."

मी हसले नाही. मला हसू आलंच नाही. सहा वर्षं चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा मान एक दिवस कांदे चिरणाऱ्या पुरुषाला जातो, हे दृश्य मी आमच्या गावातल्या प्रत्येक घरात पाहिलं आहे. फक्त तिथे भालदार नसतो.

"तिचं नाव का नोंदत नाहीत?"

"तिला जे नाव पाहिजे त्याचा पुरावा नाही. रविवारी दुपारी दरबार आहे. त्याच्या आत नोंद झाली तर चिठ्ठ्या चालतील. नाहीतर पुन्हा वर्षभर मी हे कडं घालून फिरायचं."

शनिवार सकाळ, पूर्णा

पूर्णा एकेकाळी भाताचं गाव होतं म्हणतात. आता एका ओळीत गोदामं, मध्ये कंटेनर वळतील एवढे रस्ते आणि प्रत्येक भिंतीवर भलेमोठे आकडे. छावणी होती जी-सात नावाच्या रिकाम्या गोदामात आणि त्यामागच्या मैदानात. जुना भाडेकरू गेला, नवा यायचा होता, मधले दिवस बेबीताईच्या दिराने मंडळाला दिलेले. जागा तिची, चूल तिची, आणि नाव तेवढं नाही.

मैदानाभोवती काथ्याची दोरी बांधलेली. दोरीच्या आत मोबाईल नाही, चहा नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही. आणि कोणालाही आजच्या नावाने हाक मारायची नाही. मारली तर विहिरीवरून एक घागर पाणी आणून मुदपाकखान्यात ओतायचं. पाहुण्यांना सगळे नुसतं "पाहुणे" म्हणतात.

चहा दोरीच्या बाहेर मिळतो. त्यामुळे गोदामाच्या फाटकाशी टपरीवर अप्रतिम देखावा असतो. कमरेला तलवार, डोक्याला मुंडासं आणि हातात कटिंग. शेजारी बाकावर उत्तर प्रदेशातला एक कंटेनर ड्रायव्हर बसला होता. त्याने बराच वेळ निरखलं आणि मला विचारलं, "मैडम, पिक्चर का नाम क्या है?"

"अजून ठरायचंय," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, त्याला कळलं.

आत गेल्यावर मी मोजणी सुरू केली, सवयच आहे. हा कोण? सरदार. हा? किल्लेदार. तो? तोही सरदार. एका दातांच्या डॉक्टरने सरनौबत व्हायचं पत्करलं होतं, म्हणजे सगळ्या फौजेचा म्होरक्या. माणूस सज्जन होता, हसताना स्वतःचे दात झाकायचा. मी त्याला सरळ विचारलं, "तुमच्या या राज्यात शेतकरी कोण आहे? न्हावी कोण आहे? मोटेवर कोण आहे?"

तो म्हणाला, "प्रश्न बरोबर आहे. कोणी ते नाव घेतच नाही."

"मग तुम्ही खाता काय?"

त्याने मुदपाकखान्याकडे बोट दाखवलं.

मुदपाकखाना म्हणजे विटांच्या तीन चुली, वर ताडपत्री, आणि धुरात एक पन्नाशीची बाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आगरी पद्धतीने. चुलीवर कोलंबीचं कालवण, आंबटपणाला चिंच. टोमॅटो न घालता रस्सा लाल कसा, हे मी विचारलं.

"लाल न्हाय तो. तुला लाल पायजे म्हनून तुला लाल दिसतंय," ती म्हणाली. "चाखून बघ."

चाखलं. गप्प बसले. माझ्या बाबतीत हे वारंवार घडत नाही.

टोमॅटो-बटाट्याच्या आधी इथे काय शिजायचं, हे तिने आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून विचारून गोळा केलं आहे. कुठली भाजी पावसाआधी खुडायची, सुरणाची खाज कशाने जाते, नाचणीची आंबील किती दिवस टिकते. आम्ही बोलत असताना तलवारवाल्यांपैकी एकजण येऊन म्हणाला, "मुदपाक, मीठ आहे का?" दुसरा म्हणाला, "मुदपाक, जेवण कधी?" बाईला कोणी नावाने हाकच मारत नव्हतं. मारणार कसं? बेबी म्हटलं की घागर. नोंदलेलं नाव नाही. म्हणून सहा वर्षं तिला स्वयंपाकघर म्हणतात.

मला राहवलं नाही. "बेबीताई, तुम्ही हे ऐकून कसं घेता?"

लांब उभ्या असलेल्या भालदाराने तिथूनच बोट केलं. "पाहुणे, एक घागर."

विहीर गोदामामागे लांब होती. घागर तांब्याची. मी परत येईपर्यंत निम्मं पाणी माझ्या ओढणीवर होतं.

"आता बस," बेबीताई म्हणाली, आणि तिने लाकडाचा पाट पुढे सरकवला. "ऐक. शाळेत घालताना मास्तरनं इचारलं नाव काय, तर बापानं सांगितलं बेबी. घरात तेच म्हनत. लगनात सासरच्यांनी तांदळात नाव लिवलं, सुवर्णा. ते नाव पत्रिकेवर ऱ्हायलं, मना कोनी तशी हाक मारली न्हाय. पन आजीनं बारशाला ठेवलं व्हतं ते येगळंच. ठकी. तिच्या आजीचं नाव. ते मना पायजे. मंडळातले पुरुष म्हनतात, अन्नपूर्णाबाईसाहेब घ्या. मी म्हनलं, मी कवा साहेब झाली?"

"मग ठकीला अडचण काय?"

"कागद हातात न्हाय. अण्णा म्हनतात, कागद आना."

शनिवार, अण्णांची वही

नावांची वही सांभाळणारे अण्णा निवृत्त कारकून आहेत. भिवंडीत तीन पिढ्या. आयुष्यभर जुनं दप्तर सांभाळलं, मोडी वाचतात. छावणीत ते पागोटं घालून बैठकीवर बसतात आणि बोरूने लिहितात. मी त्यांच्यापुढे माझी चिठ्ठी ठेवली. घागर वाहून आल्यावर रागाच्या भरात एका दमात लिहिलेली. तिची सुरुवात अशी होती: शतकानुशतकांच्या अन्यायाच्या चुलीत होरपळणाऱ्या कष्टकरी स्त्रीशक्तीचा हा जाज्वल्य हुंकार.

अण्णांनी चष्मा वर करून ती वाचली, घडी घातली, आणि परत दिली.

"चिठ्ठीला तीन नियम आहेत. जे स्वतः पाहिलं तेवढंच. विशेषण नाही. नात्यातल्यासाठी नाही. तुम्ही पाहिलंत काय?"

"मी पाहिलं की तिच्यावर अन्याय होतोय."

"ते तुमचं मत झालं. पाहिलंत काय?"

राग आला. खरं सांगते, खूप राग आला. मी छावणीत येऊन तीन तास झाले होते आणि त्यातला बहुतेक वेळ मी बोलत होते.

मग मी दुसरीकडून शिरले. "अण्णा, मुदपाकखान्यात जे शिजतं ते त्या काळातलंच आहे, हे तुम्ही कशावरून मान्य केलंत?"

"त्या बाईने जुन्या बायकांना विचारलंय."

"कागद होता?"

"पाककृतींचे कागद कुठले असायला?"

"म्हणजे बायकांच्या तोंडचा रस्सा चालतो आणि बायकांच्या तोंडचं नाव चालत नाही."

अण्णांनी बोरू खाली ठेवला. "अहो, माझ्या दप्तरात बायका आहेतच कुठे? राण्या आहेत, आणि बाकी सगळ्या अमक्याची बायको, तमक्याची आई. मी काय मुद्दाम करतो? मला कागद आणून द्या, मी आत्ता नोंदवतो. तिच्या माहेरी जमिनीचा एक जुना कागद आहे म्हणते ती. भाऊ देत नाही."

"का देईल? आजच्या दिवसात जमिनीचा कागद कोण घराबाहेर सोडतो? तुम्ही का नाही गेलात बघायला?"

"पुरावा अर्जदाराने आणायचा असतो."

"सहा वर्षं ती तुमच्यासाठी चूल सोडून हलली नाही. तिने आणायचा कधी? कागद चालत येणार नाही, अण्णा. तुम्ही चला."

अण्णांनी वही मिटली. मग पागोटं सारखं केलं आणि उठले. मला वाटलं रागावून निघाले. ते फाटकाकडे निघाले होते.

शनिवार दुपार, गणेशपुरीच्या वाटेवर

कपडे बदलायला वेळ नव्हता, एसटी समोरच आली. त्यामुळे वज्रेश्वरीमार्गे गणेशपुरीला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी मी, आणि माझ्याशेजारी अंगरखा, उपरणं आणि पागोट्यातले अण्णा. कंडक्टरने ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड पाहिलं, अण्णांकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं.

"बाबा, ते डोक्यावरचं काढा जरा. फोटो जुळत नाही."

अण्णांनी पागोटं काढलं. टक्कल जुळलं.

मागच्या सीटवर आश्रमात निघालेल्या दोन बायका होत्या. त्यांतली एक पुढे वाकून मला हळूच म्हणाली, "महाराज कुठल्या मठाचे?" मी म्हटलं, ते महाराज नाहीत, कारकून आहेत. तिला ते पटलं नाही. गणेशपुरीला उतरल्यावर तिने अण्णांच्या पायाला हात लावलाच. अण्णा इतके गोरेमोरे झाले की त्यांनी तिला आशीर्वाद देऊन टाकला.

"बघितलंत," मी म्हटलं, "किताब कसे मिळतात."

"म्हणून तर चिठ्ठी लागते," अण्णा म्हणाले. आणि पहिल्यांदा हसले.

बेबीताईचं माहेर तिथून पायी जायच्या अंतरावर. भात कापून झालेलं, खाचरांत नुसते खुंट, बांधांवर पेंढ्याच्या उडव्या. हवेत कुठूनसा गंधकाचा वास, गरम पाण्याच्या कुंडांचा. आमच्याकडे रान म्हणजे ऊस, डोक्याच्या वर, पलीकडचं दिसत नाही. इथे डोंगरापर्यंत सगळं उघडं होतं. गोदामांपासून एका तिकिटाच्या अंतरावर अजून एवढं आकाश शिल्लक आहे, हे मला आवडलं.

भाऊ ओटीवर बसला होता. बहिणीच्या मंडळातून आलोय म्हटल्यावर त्याने पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. जुना कागद बघायचाय म्हटल्यावर त्याचा चेहरा बंद झाला.

"तिला हिस्सा पायजे का?"

इथे मी माती खाल्ली. म्हणजे बोलले. वर्षभर मी हेच पत्रक वाटते आहे, सात-बारावर बहिणीचं नाव. जिभेवर तयारच होतं. "तो तर कायद्याने तिचा आहेच," मी म्हटलं.

तो उठला, आत गेला, आणि पत्र्याच्या ट्रंकेला कुलूप लावल्याचा आवाज ओटीपर्यंत आला.

चहा आला. भाऊही परत येऊन बसला. मी खरं तेच बोलले होते, आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण त्या खऱ्यापायी बेबीताईचं नाव कुलपात गेलं, हेही खरं होतं. अण्णांनी बशीत चहा ओतला, संपवला, आणि अगदी सहज विचारलं, "तुमच्याकडे मोडी वाचणारं कोणी आहे का?"

"न्हाय. आजा वाचायचा म्हनतात."

"म्हणजे कागदात काय लिहिलंय ते घरात कोणालाच माहीत नाही?"

भावाने मान वळवून आत पाहिलं.

"मी वाचून दाखवतो. हात लावत नाही. तुम्हीच धरा. मी लांबून वाचतो."

तो अण्णांच्या पागोट्याकडे बघत उठला, आत गेला. मग कुलूप उघडल्याचा आवाज आला.

कागद फडक्यात गुंडाळलेला होता, कडा खाल्लेल्या. भावाने तो दोन्ही हातांनी धरला आणि अण्णा जमिनीवर उकिडवे बसून, मान वाकडी करून वाचू लागले. शेतजमिनीच्या कागदात चारही दिशांना काय आहे ते सांगावं लागतं. पूर्वेस गावची वाट. दक्षिणेस ओढा. अण्णांचं बोट हवेत थांबलं.

"पश्चिमेस ठकी भगतीण इचे खाचर."

"काय?" भाऊ म्हणाला.

अण्णांनी पुन्हा वाचलं.

"ठकीचा खाचर तो. अजून हाय," भाऊ म्हणाला. "आमी तसंच म्हनतो. कोन ठकी ते कोनाला ठावं न्हाय." त्याने कागद खाली ठेवला नाही, पण हात सैल झाले. "हितं लिवलंय? तिचं नाव हाय?"

"तिचंच आहे. अमक्याची बायको म्हणून नाही. तिचं खाचर, तिचं नाव."

मग तो आम्हाला बांधावरून घेऊन गेला. खाचर लहानसं, एका बाजूला मोहाचं झाड. मी तिथे काही भाषण केलं नाही. भाऊ खुंटांकडे बघत म्हणाला, "बेबीला सांगा, खाचर हाय तिथंच हाय." त्याचा काय अर्थ घ्यायचा ते मी अजून ठरवलेलं नाही. पण तो आपणहून बोलला, आणि निघताना त्याने अण्णांना नव्या तांदळाची पिशवी दिली. बहिणीसाठी.

परतीच्या गाडीत अण्णांनी तांदळाची पिशवी मांडीवर घेतली. वज्रेश्वरी मागे पडल्यावर म्हणाले, "कागद कंपनी सरकारच्या वेळचा आहे. आमची मर्यादा पेशवाई संपेपर्यंत. थोडक्यात हुकला."

मला वाटलं, खिडकीतून उडी मारावी.

"आणि हे तुम्ही त्याला सांगितलं नाहीत."

"त्याला कशाला? तो माझा प्रश्न आहे."

रविवार, दरबार

शनिवारी रात्रीच्या पंगतीपासून मी छावणीतच होते, आणि पहाटेपासून तोंड बंद ठेवून मुदपाकखान्यात बसले. अण्णा काय ठरवतील ते माझ्या हातात नव्हतं, चिठ्ठी होती. बेबीताईला मी माहेरची पिशवी दिली, खाचराचं सांगितलं, मर्यादेचं सांगितलं नाही. तिने तांदूळ मुठीत घेऊन हुंगला. "आमचाच," म्हणाली, आणि दरबाराच्या जेवणाला तोच वैरायचा ठरवला.

"नाव झालं का गं?" तिने चुलीकडे बघत विचारलं.

"अण्णा बघतायत."

"न्हाय झालं तर मी पुढल्या येळी येनार न्हाय," ती म्हणाली. रागाने नाही. मीठ संपलंय म्हणावं तसं. "सहा वरसं लय झाली. सोयपाक मी घरी पन करते."

मग मी लिहिलं. ती चिठ्ठी इथे देते, कारण माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात छोटं पत्रक आहे.

"मी पाहिलं ते. तिने चूल पेटवली तेव्हा बाकी सगळे झोपले होते. तिने तांदूळ दोनदा निवडले. आजारी माणसाची पेज वेगळी काढली. कालवणात मीठ जास्त झालं तेव्हा कोणी सांगायच्या आधी तिला वासावरून कळलं. सगळे जेवल्यावर ती जेवली आणि तिने तळाची खरवड घेतली. मी पाहुणी आहे, मला एवढंच दिसलं."

अण्णांनी ती वाचली, वहीत ठेवली, आणि वही माझ्याकडे फिरवली. शाई ओली होती. ठकूबाई. ठकीचंच मानाचं रूप. पुढे पुराव्याच्या रकान्यात लिहिलं होतं: खाचराचे नाव. कागद मर्यादेनंतरचा, परंतु शेताला नाव पडावयास माणूस आधी असावे लागते. सबब ग्राह्य.

"हे चालेल?" मी विचारलं.

"कोणी आक्षेप घेतला तर मी उत्तर देईन," अण्णा म्हणाले. "आणि आता दप्तरात शेतांची नावंही बघायला हवीत. सहा वर्षं मी चुकीच्या कागदांत बायका शोधत होतो."

दरबार म्हणजे गोदामाच्या सिमेंटच्या जमिनीवर जाजम आणि सरनौबतासाठी एक लोड. वर पत्र्याला जी-सात दिसत होतं, ते कोणी झाकलं नव्हतं. दोघांना किताब मिळाले, एकाला तलवारीसाठी, एकाला जखमा बांधण्यासाठी. मग मंदार न पुकारता उठला. कडं काढून जाजमावर ठेवलं.

"हे गेल्या वर्षी चुकून माझ्याकडे आलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मला उठायला आवडलं, म्हणून बोललो नाही."

भालदाराने काठी आपटली आणि पुकारलं, "मुदपाकखान्याच्या मानकरीण, ठकूबाई."

दोनशे डोळे ताडपत्रीकडे. तिकडून आवाज आला, "थांबा जरा. भात हाय."

आणि दरबार थांबला. सरदार, किल्लेदार, सगळी फौज, भाताची वाफ जिरेपर्यंत उभी राहिली. मग ती पदराला हात पुसत आली. सरनौबताने कडं पुढे केलं. तिने ते घातलं नाही, आधी नाव पुन्हा एकदा घ्यायला सांगितलं. भालदाराने घेतलं. तिने मान हलवली, लांबच्या ओळखीच्या माणसाला पाहिल्यासारखी, आणि कडं चढवलं. मंदारला म्हणाली, "कडं गेलं, कांदा न्हाय गेला. पुढल्या येळी सकालीच ये."

मी आजही म्हणते की त्या मंडळात सरदार फार आहेत आणि कुणबी एकही नाही. सरनौबताला तसं लेखी दिलं आहे. पण आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर माणूस आपलं नाव आपणच लावतो, आणि इथे एका बाईला तिचं नाव दुसऱ्यांनी तिला पाहून दिलं. किताब या शब्दावरचा माझा राग तेवढ्यापुरता मी मागे घेते.

जेवायला बसलो. तांदूळ गणेशपुरीचा, कालवण तेच, लाल नसलेलं. पंगतीत सरनौबत पहिल्या पानावर. घास घेत तो सवयीने म्हणाला, "मुदपाक, जरा मीठ."

"आता नोंदलेलं नाव आहे," म्हणत भालदाराने जेवता जेवताच बोट वर केलं. सगळी पंगत थांबली. दातांच्या डॉक्टरने पान तसंच सोडलं, घागर उचलली आणि विहिरीच्या वाटेला लागला. मुंडासं जागेवर ठेवून गेला होता.

ठकूबाईने त्याच्या पानावर मीठ वाढलं आणि माशा बसू नयेत म्हणून वर दुसरं पान झाकलं.